पहिल्या वारीआधी पायांकडे बघा

माऊली, तळपाय दुखतोय म्हणालात, तर आधी तिथली जाड झालेली कातडी म्हणजे घट्टे आहेत की कुरूप, हे बघून घ्या. घट्टा पसरट असतो, सहसा दुखत नाही. सततच्या घासण्यापासून वाचायला कातडीने स्वतःच जाड थर चढवलेला असतो. आळंदी ते पंढरपूर चालताना तो उपयोगीच पडतो, म्हणून पूर्ण खरवडू नका. कुरूप लहान असतं, पण मधला कठीण खडा आत रुततो आणि वरून दाबलं की कळ येते. बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखलं, काळे ठिपके दिसले, तर ती चामखीळ असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

रात्री दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात पाय ठेवा, वजरीने हलकेच घासा, पुसून खोबरेल तेल लावा. रोज थोडं थोडं. ब्लेड लावायचंच नाही! माझ्या दिंडीतल्या एकांनी ते केलं, जखम चिघळली आणि दिवे घाटाआधीच गाडीत बसावं लागलं. फार वाईट वाटलं.

कॉर्न कॅप म्हणजे कुरूपावर चिकटवायची औषधी पट्टी. त्यातलं सॅलिसिलिक आम्ल आजूबाजूची चांगली कातडीही खातं, तेव्हा जपून. मधुमेह असेल किंवा पाय बधिर होत असतील तर कॅप नको, घरगुती उपायही नकोत, थेट डॉक्टर.

आणि मूळ कारण चपलेत असतं. पुढे बोटं आवळणारी चप्पल बदलली नाही तर कुरूप पुन्हा येणारच. नवी जोडी महिनाभर आधी वापरायला काढा. पावसात बोटांच्या बेचक्या ओल्या राहतात, तिथे मऊ कुरूप होतं. मुक्कामावर पोचलात की आधी त्या कोरड्या करा.