सुनेला कलेजी की पेठा?

प्रश्न : सुनेला तिसरा महिना लागलाय. हिमोग्लोबिन ९.२ आलं. म्हणून दर रविवारी चिकनमधली कलेजी आणि पेठा (कोंबडीचं दाणे भरडणारं पोट) तिच्यासाठी वेगळा काढून परतते. आमचे हे म्हणतात, त्यात नुसतं कोलेस्टेरॉल, फेकून दे. त्यांना स्वतःला युरिक अ‍ॅसिडचा त्रास आहे. काय करू?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, फेकू नका, पण कलेजी सध्या सुनेच्या ताटात नको. रक्त वाढायला कलेजी हे खोटं नाही. १०० ग्रॅम कच्च्या कलेजीत साधारण ९ मिलिग्रॅम लोह असतं, पेठ्यात अडीच. अडचण आहे ती अ जीवनसत्त्वाची. तेवढ्याच कलेजीत ते ३,००० मायक्रोग्रॅमच्या वर जातं आणि मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादाच ३,००० आहे. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे अवयव घडत असतात, तेव्हा हा जादा भार त्याला बाधू शकतो. गाजर-पालकाची ही भीती नाही.

पेठा मात्र खुशाल द्या. कोंबडीला दात नाहीत, दाणे भरडायचं काम पेठ्याचं. म्हणजे तो निव्वळ स्नायू. शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये ३० ग्रॅम प्रथिनं, चरबी जेमतेम तीन. माझी आजी गावठी कोंबडीचा पेठा विळीवर उभा चिरायची. आतून ज्वारी आणि खडे निघायचे, एकदा तर तिच्याच पोलक्याचं बटण निघालं! मग आतली पिवळी साल ती नखाने सोलून काढायची. आता दुकानदार सोलून देतो, पण घडीत एखादा तुकडा राहतोच. तो बघून काढा. हळद-मीठ लावून कुकरला पाच-सहा शिट्ट्या, मग परता. नाहीतर रबर चघळायची वेळ येते.

मात्र ९.२ नुसत्या पेठ्याने हलणार नाही. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की तो अ‍ॅनिमियाच. डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी चुकवू नका, आणि ती चहाबरोबर तर नकोच.

यजमानांचं कोलेस्टेरॉलचं म्हणणं अगदीच चूक नाही, पण त्यांच्या युरिक अ‍ॅसिडला कलेजी-पेठा दोन्ही वर्ज्य. उरलेली कलेजी तुम्ही खा. पन्नासेक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आतला गुलाबी रंग पुरता जाईपर्यंत परतून. आणि हो, स्वतःचं हिमोग्लोबिन किती, ते तुम्ही कळवलंच नाहीत.