हात कुठे बसणार, ते आधी विचार

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. नीट परीक्षा दुसऱ्यांदा हुकली, डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या पदविकेला, जायचं मनात आहे, मामा म्हणतात त्यात काय ठेवलंय, आणि समोर दोन संस्थांची माहितीपत्रकं. एक जिल्हा रुग्णालयाला जोडलेलं जुनं कॉलेज. दुसरी शहरातली चकचकीत संस्था, एसी वर्ग, नोकरीची हमी. आणि तू विचारतेस, कुठलं सर्टिफिकेट जास्त चालेल? अगं, हा प्रश्नच नाही. माझा हात कुठे बसणार, हे विचार.

मान्यतेचं तेवढं आधी उरकून घे. 2021 च्या कायद्याने लॅब, एक्स-रे, डायलिसिस, फिजिओथेरपी अशा सगळ्या शाखा एका राष्ट्रीय आयोगाखाली आणल्या. त्यात पदविकेलासुद्धा किमान 2000 तासांचं शिक्षण लागतं, तेही कमीत कमी दोन वर्षांत. त्यामुळे सहा महिन्यांत टेक्निशियन करून देतो म्हणणाऱ्याच्या दारात पाऊलही टाकू नकोस. आपल्याकडे पॅरामेडिकल कौन्सिल आहे. तिथे तुझी नोंदणी होईल का, ते प्रवेशाआधी लेखी माग. तोंडी नको.

पण मान्यता असली म्हणजे झालं, असं समजू नकोस. दोन्हीकडे जा आणि विचार: पोस्टिंग, म्हणजे रुग्णालयातलं प्रत्यक्ष काम, कुठे, किती महिने? दुसऱ्या वर्षाची मुलं स्वतः रक्त काढतात की मागे उभी राहून बघतात? रात्रपाळीला मुलांना बसवतात का? उत्तर देताना कुणी कॉम्प्युटर लॅब दाखवायला लागलं, तर उठून ये.

मी हे का घोकते, सांगते. पावसाळा, डेंग्यूचे दिवस. मशीनने प्लेटलेट 22 हजार दाखवल्या. वॉर्डातून फोनवर फोन, नातेवाईक दारात. नवखा पोरगा आकडा टाइप करून मोकळा होतो. हात बसलेला माणूस आधी जांभळ्या झाकणाचा बल्ब, म्हणजे रक्ताची नळी, उघडून काडी फिरवतो, आत गुठळी आहे का बघतो. मग काचेवर रक्ताचा पातळ थर, स्मिअर, ओढतो, त्यावर लीशमनचा रंग घालतो आणि स्मिअरच्या कडेला नजर लावतो. तिथे प्लेटलेटचे झुबकेच्या झुबके! पेशंटच्या अंगात त्या पुरेशा असतात. बल्बातल्या ईडीटीएमुळे, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे, एकमेकींना चिकटतात आणि मशीनला मोजता येत नाहीत. मग निळ्या झाकणाच्या सायट्रेट बल्बात नव्याने नमुना घ्यायचा, लगेच लावायचा, येईल त्या आकड्याला 1.1 ने गुणायचं. हे पुस्तकात दोन ओळींत आहे. पण दारात माणसं ओरडत असताना आठवावं लागतं, आणि ते आठवतं शंभरदा केलेल्याच माणसाला.

तान्ह्या बाळाची शीरही तशीच. ती डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागते. ते बोट कुठल्या एसी वर्गात तयार होणार आहे?

'नंतर स्वतःची लॅब टाकेन' असंही लिहिलंयस. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्टचीच लागते, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये ते स्पष्ट केलं आहे. स्वतःच्या लॅबचं स्वप्न दाखवून फी घेणाऱ्यांना हे नीट माहीत असतं. मला ती मर्यादा कधी खुपली नाही. सही त्यांची असेल, पण त्या सहीच्या वरचा आकडा आपल्या हातून गेलेला असतो.

पदवी मात्र पुढे कर. मी नाही केली. घरात वडील अंथरुणाला खिळलेले, धाकटी भावंडं शिकत होती. नंतर माझ्याच हाताखाली शिकलेली मुलं पदवीच्या जोरावर वरच्या जागांवर गेली, ते मला अजून टोचतं. किट विकणाऱ्या कंपनीने गाडी आणि दीडपट पगार देऊ केला होता, तोही मी नाकारला. घरातले महिनाभर बोलत नव्हते. बॅग घेऊन डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसायचं आणि मायक्रोस्कोपला हातही लावायचा नाही, हे मला जमलं नसतं. लोक म्हणाले, संधी घालवलीस. म्हणू देत. मुलांच्या वॉर्डातून 'ताईंनाच पाठवा' असा फोन यायचा, तो कंपनीत कुणी केला असता?

असो, माझं पुराण पुरे. मामांशी वाद घालण्यात दिवस घालवू नकोस, प्रवेशाच्या तारखा कुणासाठी थांबत नाहीत. सोमवारी सकाळी आठला जिल्हा रुग्णालयाच्या कलेक्शनच्या, म्हणजे रक्त घेतात त्या, खिडकीशी एकटी जा, आईला नेऊ नकोस. तासभर बघ: सुई कुणाच्या हातात आहे, शिकणाऱ्यांच्या की नुसती पगारी माणसं राबताहेत? बल्बवर नाव पेशंट समोर असतानाच लिहितात की मागाहून? मग दुसऱ्या संस्थेत जाऊन सांग, मला तुमची कलेक्शन रूम दाखवा.

दोन्ही बघून झालं की मला फोन कर. माहितीपत्रकांचे फोटो पाठवू नकोस.

तुझी,
मावशी