सगळं वाचूनही मुरत का नाही? एका उकाराची गोष्ट

तुम्ही लिहिलंय की विरार लोकलमध्ये जाता-येता तुम्ही वाचता. कधी कादंबरी, कधी तत्त्वज्ञान, कधी मेंदूवरचं काही, आणि रात्री झोपण्याआधी माइंडफुलनेसचं ॲप लावून बसता. वर्षभर हे चालू आहे, तरी 'काहीच मुरत नाही'. साहित्य, तत्त्वज्ञान, विज्ञान आणि ध्यान यांचा एकमेकांशी खरंच संबंध आहे की आपणच तो ओढूनताणून लावतो, असा तुमचा प्रश्न आहे.

संबंध आहे. मला तो एका उकारामुळे कळला.

मी १९८९ पासून गिरगावातल्या एका छापखान्यात प्रूफं वाचायची. कांदिवलीला गाडी पकडायची, चर्नी रोडला उतरायचं, टेबलावर पट्टी आणि लाल पेन. १९९६ मध्ये एका कवीचा पहिला संग्रह आमच्याकडे आला. त्याची आई गिरणीत वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामावर होती आणि १९८२ च्या संपात घरी बसली ती कायमची. एका कवितेत ती दुपारी खिडकीशी बसलेली असते, हात रिकामे, पण बोटं चाललेली. ओळ होती: 'आईच्या बोटांतून सूत सुटत नाही अजून'.

पुस्तक बांधून आलं. कवीने उभ्या उभ्याच प्रत उघडली, ते पान काढलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. छापलं होतं 'सुत'. पहिला उकार. सूत म्हणजे धागा, सुत म्हणजे मुलगा. ओळीचा अर्थ लागत होता, व्याकरणही बिघडत नव्हतं, नुसती आई बदलली होती. तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो एवढंच म्हणाला, "वाईट नाही झालं. पण मला हे म्हणायचं नव्हतं."

ते पान मी तीन वेळा वाचलं होतं. 'अ'ने संपणाऱ्या मराठी शब्दातला शेवटून दुसरा उकार दीर्घ आणि संस्कृतातून जसाच्या तसा आलेला असेल तर मुळाप्रमाणे, हा नियम मला झोपेतही सांगता आला असता. तरी तिन्ही वेळा मला 'सूत' दिसलं, कारण कविता मला आवडली होती. मी डोळ्यांनी वाचतच नव्हते, कवितेला पुढे काय म्हणायचंय ते मला आधीच माहीत होतं.

असं का होतं ते मी नंतर शोधलं. हात लांब करून अंगठा धरा. त्या नखाएवढ्या जागेतलंच डोळ्याला अगदी रेखीव दिसतं, बाकीचं सगळं धूसर. वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही, सेकंदाला तीन-चार उड्या मारतो, आणि उडी चालू असतानाचं दृश्य मेंदू आपल्यापर्यंत येऊच देत नाही. आज रात्री आरशासमोर उभे राहा. आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. बुबुळं हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाहीत, शेजारी उभ्या माणसाला मात्र स्पष्ट दिसतील. मधली फट मेंदू बेमालूम शिवून टाकतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६० च्या दशकातच मांडलं होतं की पाहणं हे बरंचसं अनुमान असतं, आणि ते आपल्या नकळत चालतं. माझा 'सूत' हे असंच एक अनुमान होतं.

इथून तत्त्वज्ञान लांब नाही. दिङ्नाग हा पाचव्या-सहाव्या शतकातला बौद्ध तर्कशास्त्रज्ञ. त्याची प्रत्यक्षाची व्याख्या दोन शब्दांची आहे: प्रत्यक्षं कल्पनापोढम्. जे कल्पनेपासून सुटलेलं आहे ते प्रत्यक्ष. इथे कल्पना म्हणजे मनोराज्य नव्हे. समोरच्या गोष्टीला नाव लावणं, तिला कुठल्या तरी वर्गात घालणं, ती कल्पना. ही व्याख्या पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, हा माणूस माझ्या टेबलाशेजारी बसून गेलाय. म्हणून दिङ्नागाला दृष्टिविज्ञान आधीच माहीत होतं असं मात्र कोणी म्हणू नये, मला ते आवडत नाही. कशाला ज्ञान म्हणायचं हा त्याचा प्रश्न, डोळा काम कसं करतो हा हेल्महोल्ट्झचा. दोन वेगळे प्रश्न एकाच उंबरठ्याशी येतात, एवढंच.

कल्पनेशिवायचं पाहणं मला प्रत्यक्ष भेटलं ते कान्हेरीला. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात शंभराहून जास्त लेणी आहेत, हे मुंबईकराला माहीत असतं आणि तो सहलीला म्हणून एकदा जाऊन येतो. मी एका पावसाळ्यानंतर एकटी गेले. कोठड्या लहान, आत बसायला-निजायला दगडाचाच ओटा, बाहेर पाण्याचं टाकं भरलेलं. टाक्यावर ब्राह्मीतला लेख होता. मला ब्राह्मी येत नव्हती. सात-आठ वर्षं अक्षरांवर पोट भरत होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच अक्षरांपुढे निरक्षर उभी होते. किती दिसलं म्हणून सांगू! एक उभा घाव खोल, शेजारचा उथळ, एका खाचेत शेवाळ, एका ठिकाणी छिन्नी घसरलेली. पुढे थोडी ब्राह्मी शिकले. अशा लेखांत टाक्याला 'पोढी' म्हणतात आणि गुहेला 'लेण', ज्यावरून आपलं लेणं आलं, हे कळलं. पुन्हा गेले तेव्हा 'पोढी' चटकन वाचता आलं, आणि तो घसरलेला घाव शोधून शोधून सापडला नाही. आनंद झाला आणि काहीतरी गेलंही.

ध्यानाबद्दल माझं म्हणणं याच अनुभवावर उभं आहे. १९९८ मध्ये मी इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला गेले. पहाटे चारला घंटा, मौन, वाचायला-लिहायला पूर्ण बंदी. सुरुवातीचे तीन दिवस फक्त श्वास, तोही नाकपुड्यांपाशी जसा येईल तसा. दुसऱ्या दिवसापर्यंत मी बादलीवरची कंपनीची अक्षरं वाचत होते, इतकी भूक. श्वासाचंही प्रूफासारखंच निघालं. मनात त्याला जरा सुधारायला गेलं की आलेला श्वास हातचा जातो आणि आपण आपल्याला हवा तो घेत बसतो. लांबचा लांब आहे, आखूडचा आखूड, छापलंय ते बघायचं. मन निसटलं की चिडायचं नाही, परत यायचं. तिथे मला शांती वगैरे फारशी मिळाली नाही, पण डोळा ताजा झाला. 'माइंडफुलनेस' हा शब्द पालीतल्या 'सति'साठी वापरतात. सति म्हणजे स्मृती, आठवण. आईची सय येते म्हणतो ना आपण, ती सय याच घरची. म्हणून मला ॲपमधल्या 'विचार थांबवा' या भाषेपेक्षा आजीची भाषा जवळची वाटते: भान ठेव, म्हणजे निसटलास तर तुझं तुला आठवेल.

मात्र मी शेवटी दिङ्नागाच्या बाजूची नाही. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, त्याला उत्तर दिलं होतं की नाव जोडून झालेलं ज्ञानही प्रत्यक्षच आहे, आणि मला ते मानवतं. नुसत्या खाचा बघत बसले तर कविता उरत नाही. खिडकीतली ती बाई, तिची रिकामी चाललेली बोटं, हे सगळं माझ्याच कल्पनेने उभं केलं. साहित्य म्हणजे कल्पनाच. फक्त तिने छापलेल्या शब्दावरून निघावं, त्याच्या आधी पोहोचू नये.

तुम्ही चारही विषय वाचताय, पण मला वाटतं चारही अंदाजाने वाचताय, बोरिवली यायच्या आत प्रकरण संपवायचं म्हणून. वाचन महिनाभर थांबवा असं मी सांगणार नाही, ते क्रूर होईल. एक कविता घ्या, चौदा-पंधरा ओळींची. ओळीखाली कार्ड धरा, पुढची ओळ झाका. पहिल्यांदा आम्ही छापखान्यात वाचायचो तशी वाचा: स ला दुसरा उकार, त. अर्थ आला तर येऊ द्या, त्याच्यामागे जाऊ नका. दुसऱ्या दिवशी तीच कविता मोठ्याने, अर्थासकट. लोकलमध्ये जमणार नाही, घरी करा. आठवडाभर तीच एक.

त्या पुस्तकाच्या ५०० प्रती होत्या. शुद्धिपत्र चिकटवू, असं मालक म्हणाले. मी म्हटलं, मी हाताने करते. संध्याकाळी काम संपल्यावर बसायचे. व्हाइटनरचा बारीक ठिपका, सुकेपर्यंत पुढची प्रत, मग काळ्या पेनाने दुसरा उकार. शंभरेक प्रतींनंतर शब्दाचा अर्थच गळून गेला. एकच शब्द पुन्हा पुन्हा घेतला की असं होतं, मानसशास्त्रात याचा अभ्यास झालेला आहे. उरला नुसता आकार: स, खाली एक वळण, त. मला तेवढंच दिसत होतं आणि तेवढंच पुरत होतं. चौथ्या संध्याकाळी, गठ्ठा संपत आलेला असताना, पेन उचललं आणि तो उकार पेनाच्या टोकाला क्षणभर ओढला गेला, बोटातून सुटता सुटत नव्हता. तेव्हा ती बाई मला दिसली.