परवाना बदलण्यासाठी एआयकडून पुनर्लेखन

प्रश्न : जीपीएल परवान्याखालील (सुधारित आवृत्त्याही त्याच परवान्याखाली खुल्या ठेवण्याची अट घालणाऱ्या) एक लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोडसंच, मी सांभाळतो, तिच्यात अनेकांचे योगदान आहे. एआयकडून सारा कोड नव्याने लिहून घेऊन ती एमआयटी या जवळपास अटी नसलेल्या परवान्याखाली दिली, तर त्यात गैर काय?

उत्तर : कॉपीराइट कल्पनेला नसून अभिव्यक्तीला असतो, त्यामुळे तेच काम करणारा स्वतंत्र कोड लिहिणे मुळात गैर नाही. 1984 मध्ये फीनिक्स कंपनीने आयबीएमच्या बायोसला (संगणक सुरू करणाऱ्या मूलभूत प्रोग्रॅमला) पर्याय तयार केला तेव्हा एका गटाने मूळ कोड अभ्यासून केवळ वर्णन लिहिले आणि तो कोड कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्यावरून नवा बायोस लिहिला. आपल्या बाबतीत मूळ कोड पाहणारे आणि नवा लिहिणारे यांच्यातली ही भिंतच उरत नाही : आपण तो कोड जाणता, आणि मॉडेलच्या प्रशिक्षणातही तो असण्याची दाट शक्यता आहे. शिवाय अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाच्या भूमिकेनुसार निव्वळ यंत्रनिर्मित मजकुराला संरक्षण मिळत नाही. मग नवा परवाना कोणत्या हक्कावर देणार?

मला मात्र नैतिक प्रश्न अधिक गंभीर वाटतो. ज्यांनी सुधारित आवृत्त्याही खुल्या राहतील या अटीवर आपले श्रम दिले, त्यांची अट त्यांना न विचारता पुसणे हा विश्वासभंग आहे, मग न्यायालय काहीही म्हणो. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या चमूने 2012 च्या सुमारास बराचसा कोड एलजीपीएल या जीपीएलहून सैल परवान्याखाली आणताना योगदात्यांना शोधून त्यांची संमती मिळवली होती. आपणही तेच करावे. संमती न मिळाल्यास नवा प्रकल्प वेगळ्या नावाने सुरू करावा आणि तो कसा लिहिला हे उघडपणे नोंदवावे.