सबवूफर नंतर, आधी पुढचे दरवाजे

गाडीतला आवाज सुधारायचाय? मग सबवूफरचा, म्हणजे फक्त बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, मोह तूर्तास आवरा. पहिला खर्च पुढच्या दारांतल्या स्पीकरवर करा. बऱ्याच गाड्यांत साडेसहा इंची बसतात, तरी आतली खोली मोजूनच घ्या; नाहीतर काच खाली येताना चुंबकावर आदळते. खोक्यावरचे 'मॅक्स' वॅट विसरा, आरएमएस, म्हणजे स्पीकर सतत पेलू शकतो ते वॅट, तेवढे बघा.

दाराच्या पत्र्याला ब्युटाइल डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारी चिकट रबरी शीट) लावा, मोठी भोकं बुजवा. बेस तिथंच गळतो, आणि नेमकं हेच लोक टाळतात. तळाची, पाणी निथळायची भोकं मात्र मोकळी ठेवा, नाहीतर दार गंजेल.

हमखास होणाऱ्या चुका:

- एकाच स्पीकरचं प्लस-मायनस उलटं जोडणं. आवाज येतो, बेस गायब.
- अ‍ॅम्प्लिफायरवरच्या गेनला (येणाऱ्या सिग्नलशी जुळवायचा नॉब) व्हॉल्यूम समजून पूर्ण फिरवणं. आवाज फाटतो, ट्विटर (बारीक, उंच स्वरांचा छोटा स्पीकर) जळतो.
- मूळ वायर कापणं. वायर न कापता जोडणारे कपलर मिळतात, तेच वापरा.

अ‍ॅम्प्लिफायरचं नंतर बघू.