संशोधनाला पैसे की थेट मदत?

प्रश्न : गरीब देशांसाठी येणारा फंड रिसर्चवर का घालवतात? त्यात सरळ औषधं, धान्य वाटलं तर जास्त लोक वाचतील ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : प्रश्न रास्त आहे, पण आज आपण पोरांना जुलाब झाले की जे ओआरएस पाजतो ना ते असल्याच फंडातून आलंय. ढाक्यात १९६० मध्ये परदेशी पैशावर कॉलरा रिसर्च लॅब सुरू झाली, तिथे १९६८ मध्ये पेशंटवर ट्रायल घेऊन दाखवलं की साखर-मिठाचं पाणी पोटातूनही शोषलं जातं, कारण ग्लुकोज असलं की आतडं मीठ ओढून घेतं आणि त्यामागून पाणी. मग १९७१ ला पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलेलं, डॉ. दिलीप महालनाबीस यांनी हेच पाणी पाजायला लावलं आणि मृत्यूचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांवरून ४ च्या खाली आलं. वाटायला पुरेसं सलाइन नव्हतंच हो तिथे, माहिती होती म्हणून माणसं जगली!

आणि खरं काम तर पुढेच आहे. ब्रॅक या संस्थेने १९८० पासून दहा वर्षं बांगलादेशात १ कोटी २० लाखांवर घरी जाऊन आयांना शिकवलं, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर (साधारण अर्धा लिटर) पाणी, आणि शिकवणाऱ्या बायकांचा पगार आईच्या किती लक्षात राहिलं त्यावर ठरायचा. हे जमतंय का तेही आधी तपासून, चुका सुधारून मगच देशभर नेलं, त्या तपासणीलाही पैसा लागतोच की. धान्य वाटायलाच हवं, दुष्काळात तर आधी तेच, पण त्यासाठी रिसर्चचा पैसा कापू नये असं मला मनापासून वाटतं.