जेआरएफ हुकली, पण पीएच.डी.ची नोंदणी झाली आहे. संशोधनासाठी पैसा कुठून मिळेल आणि अर्ज कसा लिहावा?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: तुम्ही ३२ वर्षांच्या, इतिहासात एम.ए., नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) झाली पण त्याच परीक्षेतून मिळणारी जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, दोनदा हुकली. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांवर पीएच.डी.ची नोंदणी झाली आहे, घरी पैसे मागायची सोय नाही आणि गाईड म्हणतात, "अर्ज करत राहा." कुठे आणि कसा, ते मात्र कोणी सांगत नाही.

मी सांगली जिल्ह्यात एका कॉलेजात इतिहास शिकवतो. माझ्या स्वतःच्या पीएच.डी.च्या वेळी मी तीन अर्ज केले आणि तिन्ही वाया गेले. एक तर पोचलाच नाही, कारण नोंदणीचं पत्र सहीसाठी सतरा दिवस एका टेबलावर पडून होतं आणि मुदत पंधराव्या दिवशीच संपली. पुढे छाननी करणाऱ्यांच्या बाजूला बसायचा योग दोनदा आला, आणि आपले अर्ज का गेले होते ते तिथे कळलं.

पहिली गोष्ट म्हणजे पोटाचा पैसा आणि कामाचा पैसा वेगळा धरा. दरमहा खोलीभाडं आणि मेस भागवते ती फेलोशिप. दप्तरखान्यात जायचं एसटीचं भाडं, झेरॉक्स, रेकॉर्डर, मुलाखती कागदावर उतरवून घेणं हा कामाचा खर्च. आपल्याकडे सगळेजण पहिल्याच्या मागे धावतात आणि दुसऱ्याचं नावही काढत नाहीत. खरं तर जेआरएफ मिळालेल्यालाही महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळत असलं, तरी मानव्यविद्येत आकस्मिक खर्चाला, म्हणजे याच कामाच्या खर्चाला, पहिली दोन वर्षं वर्षाकाठी १०,००० रुपयेच असतात. तेवढ्यात पुण्याच्या पुराभिलेखागाराच्या चार फेऱ्या आणि जेवण धरलं की संपलं.

पोटाच्या पैशाचं आधी उरकतो, कारण तिथे अर्ज लिहिण्याच्या कौशल्याला फारसा वाव नाही. गुण, प्रवर्ग, वय आणि तारखा यांवरच सगळं ठरतं. जेआरएफची वयोमर्यादा ३० आहे, पण महिलांना प्रवर्ग कोणताही असो, ५ वर्षांची सवलत आहे. म्हणजे तुम्हाला ३५ पर्यंत वेळ आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होते, तेव्हा दार बंद झालं असं समजू नका. प्रवर्ग तुम्ही लिहिलेला नाही. राज्य सरकारच्या संस्था प्रवर्गानुसार फेलोशिप देतात: अनुसूचित जाती असेल तर बार्टी, मराठा-कुणबी असेल तर सारथी, ओबीसी, व्हीजेएनटी किंवा एसबीसी असेल तर नागपूरची महाज्योती आणि अनुसूचित जमातीसाठी टीआरटीआय. यांची जाहिरात कधी निघेल हे पंचांगातही सापडायचं नाही, आणि निघाली की मुदत थोडी असते. म्हणून नोंदणीपत्र, जात वैधता, चालू आर्थिक वर्षाचं नॉन क्रीमी लेयर, आधार जोडलेलं बँक खातं या सगळ्याच्या स्कॅन प्रती आजच एका फोल्डरमध्ये टाकून ठेवा. माझ्या त्या सतरा दिवसांची आठवण ठेवून सांगतोय.

आणखी एक, जे फेलोशिप मिळेपर्यंत कोणी बोलत नाही. पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येत नाहीत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) फेलोशिपमध्ये विद्यापीठातून दरमहा तुमची हजेरी पोर्टलवर 'कन्फर्म' व्हावी लागते. एकाने भरायचं, दुसऱ्याने तपासायचं. भरणारा रजेवर गेला की तुमचा महिना पुढे ढकलला. मग चार-पाच महिन्यांचं एकदम जमा होतं. त्या टेबलावरच्या माणसाचं नाव माहीत असू द्या आणि तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. तासिका तत्त्वावर शिकवत असाल तर मंजुरीपत्रातल्या अटी नीट वाचल्याशिवाय दोन्ही डगरींवर पाय ठेवू नका. पुढे वसुली निघाली तर फार जड जातं.

आता कामाचा पैसा. तुमच्या विषयाला सगळ्यात जवळचं दार भारतीय इतिहास संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएचआरचं. १९७२ सालची ही संस्था दिल्लीत आहे. पीएच.डी.वाल्यांसाठी तिची स्वतःची कनिष्ठ फेलोशिप आहे आणि ग्रंथालयं-दप्तरखाने पाहायला जाण्यासाठी प्रवास-अभ्यास अनुदानही आहे. आमच्याकडची मुलं हे दुसरं अनुदान वाचतसुद्धा नाहीत, कारण रक्कम लहान असते. दुसरं दार आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद. तिचं पश्चिम विभागीय केंद्र मुंबईत कलिना परिसरातच आहे. एकदा प्रत्यक्ष जाऊन या. कामाला मानवशास्त्राचा बाज असेल तर न्यूयॉर्कचं वेन्नर-ग्रेन प्रतिष्ठान क्षेत्रकार्याला २५,००० डॉलरपर्यंत देतं आणि अर्जदार कुठल्या देशाचा ते पाहत नाही. तिथे स्पर्धा जबरदस्त आहे. पण पैसे मिळोत न मिळोत, त्यांच्या अर्जातला एक प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा: तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला कोणता पुरावा लागेल, आणि तो तुम्ही कसा गोळा करणार?

माझ्या मते सगळं इथेच ठरतं. समितीवर एका दिवसात साठेक अर्ज पुढ्यात आले होते. त्यातले निम्मे "भारत हा कृषिप्रधान देश आहे" किंवा त्याच्याच कुठल्यातरी भावंडाने सुरू होत होते. विषयाचं महत्त्व सांगण्यात पानं भरलेली, आणि उमेदवार सोमवारी सकाळी उठून नक्की कुठे जाणार आहे याचा पत्ता नाही. वाचणारा माणूस दुष्ट नसतो, दमलेला असतो. त्याला दिसायला हवं की ही बाई कुठलं कपाट उघडणार आहे.

एक उदाहरण सांगतो. माझ्याकडे एक विद्यार्थिनी आली होती. विषय होता १९७२ च्या दुष्काळात जत तालुक्यात सरकारी कामांवर राबलेल्या बायका. पहिला मसुदा अर्थातच कृषिप्रधान देशापासून सुरू. मग दुष्काळाची व्याख्या, मग रोजगार हमी योजना, तिचे जनक वि. स. पागे, १९७७ चा कायदा. सगळं बरोबर आणि सगळ्यांना माहीत असलेलं. मी विचारलं, "हे काम पाच वर्षांनी केलं तर काय बिघडेल?" ती म्हणाली, "सर, तोवर त्या बायकाच राहणार नाहीत. विशीत खडी फोडलेली बाई आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे." मी म्हटलं, "मग हे तिसऱ्या पानावरही का नाही?" तेच तिचं पहिलं वाक्य झालं. दुसरं वाक्य: या बायकांची नोंद हजेरीपटावर अंगठ्यापुरती आहे, कामावर लेकरू कुठे ठेवलं, सुकडी (दुष्काळात वाटलेला पौष्टिक खाऊ) कोणाला मिळाली आणि कोणाला नाही, हे कुठल्याच कागदावर नाही. व्याख्या पार पुसून टाकली. दीड पानात अर्ज संपला.

मग खर्चाचा तक्ता. तिने लिहिलं होतं: "प्रवास व इतर, अंदाजे ४०,००० रुपये." 'इतर' हा शब्द दिसला की समितीची पेन्सिल थांबते. आम्ही बसून गावं मोजली, एसटीच्या फेऱ्या मोजल्या, मुलाखती मोजल्या. तासाभराचं बोलणं नीट उतरवायला पाच-सहा तास लागतात, तो खर्च धरला. तेव्हा लक्षात आलं की जतच्या पूर्वेकडे, उमदीच्या बाजूला, कितीतरी म्हाताऱ्या कानडीतच बोलतात आणि हिला कानडी येत नाही. तक्त्यात एक ओळ वाढली: "कन्नड जाणणारी स्थानिक मदतनीस, १२ दिवस." एकूण रक्कम सात हजारांनी वाढली. ती घाबरली, म्हणाली, जास्त मागितलं तर देणार नाहीत. मुलाखतीत तिला सर्वांत जास्त प्रश्न त्याच ओळीवर आले, आणि तिथेच तिला सगळ्यात नीट बोलता आलं, कारण ती त्या गावांत जाऊन आली होती. अनुदान मिळालं. (एक प्रवास मात्र कापला. कापतातच.)

तुमच्या बाबतीत सांगायचं तर इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी बसवला, हे पहिल्या पानावर नको. ते समितीला माहीत असतं, नसलं तर एका ओळीत कळतं. तुम्ही कोणाचा इतिहास लिहिताय ते सांगा: माग दुरुस्त ठेवणाऱ्या जॉबरचा, सायझिंगमध्ये सुताला खळ लावणाऱ्या कामगाराचा, की घरी बसून कांड्या भरणाऱ्या बायकांचा? तिघांचा म्हणालात तर अर्ज गेला असं समजा. आणि पुरावा कुठे आहे? कामगार संघटनेचं दप्तर कोणाच्या माळ्यावर आहे, ते पाहू देतील का, देतील तर तसं दोन ओळींचं पत्र घेतलंय का? असं एक साधं पत्र, चहाचा डाग पडलेलं असलं तरी, दहा संदर्भग्रंथांच्या यादीपेक्षा जास्त वजनाचं असतं.

गाईडच्या शिफारसपत्राबद्दल थोडं. सर सही करतील, पण "मेहनती व होतकरू" यापलीकडे लिहायला त्यांना वेळ नसतो. तीन आठवडे आधी अर्जाचा मसुदा आणि सोबत एक चिठ्ठी द्या: मी काय वाचलं, कुठे जाऊन आले, कोणाला भेटले. चांगले गाईड त्यातून स्वतः लिहितात. बाकीचे निदान त्यातलं उचलतात.

सुरुवात लहान अनुदानापासून करा. पहिले पंधरा-वीस हजार वेळेत खर्चून, पावत्या जपून, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामालाच लागल्याचा दाखला) आणि अहवाल दिला की पुढच्या अर्जात लिहायला काहीतरी हातात असतं. पावत्यांसाठी पहिल्या दिवसापासून एक जुनी वही करा आणि त्यात चिकटवत जा. एसटीच्या तिकिटावरची शाई सहा महिन्यांत उडते, म्हणून त्याच दिवशी मोबाइलवर फोटोही काढून ठेवा.

प्रवर्ग, नोंदणीची तारीख आणि अर्जाचं पहिलं पान इथेच खाली टाका. पहिलंच पान, सगळा प्रस्ताव नको. शनिवारी दुपारनंतर मोकळा असतो, वाचून कळवतो.